सत्काराची भिंत

९ ऑगस्ट २००६, सकाळी

निर्णय घेतला. बैठकीची खोली नवी करायची. यवतमाळचे नवे साहेब महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपल्याकडे येतो म्हणाले. सपत्नीक!

यंदा कापूस खरेदीची निम्मी केंद्रं बंद होणार, कापसाची प्रत ठरवणारे आम्ही ग्रेडर, त्यातले निम्मे घरी बसणार. यादी साहेबांच्या हातात. माझं नाव कटणं शक्यच नाही म्हणा. सव्वीस वर्षं घाटंजीच्या केंद्रावर काढली. डोळे मिटून मुठीत कापूस धरला की सांगतो, धागा किती लांब, ओल किती, काल कोणी आणला होता. पण साहेब नवे. वामनराव काय चीज आहे, हे त्यांना घरात पाऊल टाकल्याबरोबर कळलं पाहिजे.

पुरवणीत लेखही नेमका आलाय. कमी खर्चात घर सजवा, जिव्हाळ्याच्या वस्तू वापरा. कमी खर्च तर आपल्याला छान जमतो.

१० ऑगस्ट

जिव्हाळ्याच्या वस्तूंची यादी मंजुषाला वाचून दाखवली. माझ्या पाच सत्कारांचे फोटो. त्या सत्कारांच्या पाच शाली. मी नापास केलेल्या कापसाचे नमुने, बरण्यांत भरून. मंजुषा म्हणाली, अहो, यात तुमच्याशिवाय काही आहे का? तिला डेकोरेशनमधलं कळत नाही.

शाली सोफ्यावर, खिडकीला, टीव्हीवर. साहेब जिकडे पाहतील तिकडे सन्मान.

१२ ऑगस्ट, दुपारी

दगा! सख्ख्या बायकोचा दगा!

ट्रंक उघड म्हटलं तर दोन दिवस किल्लीच सापडेना. शेवटी मीच कुलूप तोडलं. आत डांबरगोळ्या आणि एकच शाल. बाकी चार कुठे आहेत? मान खाली घालून म्हणाली, दिल्या. कोणाला? म्हणाली, थंडीत कोणाकोणाला, एक मैनाबाईला. मैनाबाई आमची भांडी घासते. म्हणजे माझा एक अख्खा सत्कार अंगावर घेऊन ती भांडी घासते!

मी एक शब्द बोललो नाही. म्हणजे अर्धा तास बोललो, नंतर नाही.

१४ ऑगस्ट

मैनाबाईला सहज विचारलं, शाल उबदार आहे ना. ती म्हणाली, कोणती शाल जी? दोघी सामील आहेत. या घरात माझं कोणीच नाही.

१७ ऑगस्ट

अबोला, दिवस सहावा. चहा मात्र वेळेवर येतो. तो घेतो, कारण चहाचा काही दोष नाही.

नमुन्याच्या बरण्यांतून लाल किडे निघाले. एक तर महालक्ष्मीच्या मुखवट्याच्या डब्यापर्यंत पोचला. मंजुषाने खराटा आणून माझ्यापुढे ठेवला. बरण्या रद्द. तो कापूस मी नापास केला होता तेच बरोबर होतं.

२२ ऑगस्ट

पाचही फोटो एका ओळीत लावले. भिंतीवर मंजुषाचा भरतकामाचा मोर होता. शाळेत असताना तिने केलेला, लग्नात सोबत आणलेला. चोवीस वर्षं तिथेच. काढून कपाटामागे ठेवला. ती पाहत होती. बोलली नाही, कारण अबोला माझा आहे. खिळे ठोकताना गिलावा पडला. पडला तिथे फोटो सरकवला.

सोफ्याचा स्पंज बाहेर आलाय, त्यावर उरलेली एकुलती शाल टाकली. ही १९९६ ची, पहिल्या सत्काराची. तेव्हा देवीच्या फोटोपुढची उदबत्ती लागून कोपऱ्याला भोक पडलं होतं. कधीतरी रफू झालंय. कोपरा आत दुमडला.

आमचा शिपाई देवराव पाहून गेला. म्हणाला, साहेब, लई झकास दिसून राह्यलं. पण फोटो जरा दूर दूर लावा ना, एक इथं, एक तिकडच्या खोलीत. त्यालाही डेकोरेशनमधलं काय कळतं!

३१ ऑगस्ट, संध्याकाळी

साहेब आले. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील. पाट असा मांडला होता की भिंत समोर यावी. साहेब पाट फिरवून बसले, म्हणे पंख्याचा वारा लागतो.

भिंत पाहिली ती त्यांच्या मिसेसनी, इंदुताईंनी. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, वहिनी, पाचही फोटोंत शाल एकच आहे का हो? आणि सोफ्यावरचीही तीच वाटते. कोपरा उलगडूनसुद्धा पाहिला.

मंजुषा पटकन म्हणाली, ऑफिसवाले एकाच दुकानातून घेतात ना. मीही ठणकावून सांगितलं, एकाच लॉटचा माल आहे. साहेब खळखळून हसले. इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी मंजुषाचा हात धरला आणि म्हणाल्या, येते.

साहेबांनी जाताना माझं वय विचारलं. शुभ लक्षण.

१ सप्टेंबर

इंदुताईंना खोटं पाडायचंच, म्हणून भिंग काढलं. १९९६, शालीला भोक नाही, उदबत्ती जवळच आहे. १९९९, भोक. २००१, भोक. २००३, भोक. २००५, भोकाच्या जागी हिरवा ठिपका. सोफ्यावरची शाल उचलली. रफूचा दोरा हिरवा. कपाटामागून मोर काढला. तोच हिरवा.

देवरावच्या घरी गेलो. तो म्हणाला, कायले इचारता साहेब, झालं ते झालं. मग सांगितलं. ९९ साली दुसऱ्या ग्रेडरचा सत्कार झाला, माझा नाही. मी दोन दिवस जेवलो नाही. (मला पित्त झालं होतं असं आठवतं.) तिसऱ्या दिवशी बाई शाल-नारळ पिशवीत घेऊन त्याच्या घरी. म्हणाल्या, देवरावभाऊ, एवढं करा, यांना कळू देऊ नका. ऑफिसला काय, फुकटात कार्यक्रम. मग दर दोन वर्षांनी तेच. मागच्या वेळी पेढेही बाईंचेच.

म्हटलं, ९६ चा तरी खरा ना? देवराव म्हणाला, त्याचं मले मालूम नाही साहेब, मी तवा नोकरीवर नव्हतो.

फसवलं. बायकोने, शिपायाने, अख्ख्या ऑफिसने. सात वर्षं! आणि मी, डोळे मिटून कापूस ओळखणारा, घरचीच शाल चार वेळा खांद्यावर घेऊन भाषण ठोकून आलो.

घरी आलो. ती भांडी लावत होती. न दिलेल्या चार शाली दिल्या म्हणाली, अर्धा तास माझं ऐकून घेतलं. भांडायचं ठरवूनच आलो होतो. तोंडातून निघालं, सकाळचा चहा चांगला झाला होता. तिने वळून पाहिलं. अबोला संपला.

९ सप्टेंबर

राहणाऱ्यांची यादी आली. माझं नाव नाही. केंद्राचंही नाही. सोमवारी निरोप. मंजुषा म्हणाली, नुकसान त्यांचंच आहे. तिच्याकडे पाहवेना.

१० सप्टेंबर, दुपारी

फोटो उतरवले. मधल्या खिळ्यावर मोर लावला. आजूबाजूला गिलावा पडलेला, चार खिळे नुसतेच. वाईट दिसतं. मोर चांगला दिसतो. मंजुषाने येऊन तो जरा सरळ केला.

मघाशी देवराव मागच्या दाराने आला, तिच्याशी हळू काहीतरी बोलला आणि पिशवी घेऊन गेला. मी पेपरातून मान वर केली नाही. सोफ्याचा स्पंज पुन्हा उघडा पडलाय. पिशवीत काय होतं, मी डोळे मिटून सांगतो.

निश्चय: उद्या निरोपसमारंभात शाल खांद्यावर पडली की आश्चर्य वाटलं पाहिजे. घरी आल्याबरोबर तिला म्हणायचं, यंदाची फार छान आहे गं, आत ठेव. आरशापुढे तीनदा करून पाहिलं. जमत नाही. आश्चर्याच्या आधीच डोळ्यांत पाणी येतं.