कपाटातल्या लग्नाच्या टेपांची व्यवस्था

मी, नानासो केरबा फडतरे, वय एकाहत्तर, धंदा लग्नाचे शूटिंग व मिक्सिंग, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टायपिंगला दिले नाही, कारण कचेरीसमोरचा टायपिस्ट माझ्या पुतण्याबरोबर चहा पितो. माझे डोके ठिकाणावर आहे. मिरजेच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, तोही मी दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेतला.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. चंद्राबाई हिला. हे तिला वाचून दाखवले तेव्हा म्हणाली, "आवं, जलमभर माझ्यावर बी डोळा ठेवला, आन् आता घर देताय व्हय?" होय, देतो आहे. डोळा सगळ्यांवरच होता. घराच्या कागदावर कोणी सही मागायला आला, तर तिने चष्मा सापडत नाही असे सांगावे.

२. दुकानाचा गाळा, नवा कॉम्प्युटर व दोन्ही मॉनिटर पुतण्या चि. विश्वजीत याला. पोर नाही म्हणून त्याला मीच वाढवला आणि धंद्याला लावला, त्यामुळे तो कुठे अंग चोरतो हे मला चांगले ठाऊक आहे. "काका, तुमचं मशीन दिसभर रेंडर करत बसतंय, माझ्याकडं चा संपायच्या आत फाईल भाईर," असे तो गिऱ्हाइकांदेखत म्हणतो. म्हणून सांगून ठेवतो. मूळ शूटिंग एका डिस्कवर ठेवावे आणि तयार फाईल दुसऱ्या डिस्कवर काढावी. एकाच डिस्कला वाचायला आणि लिहायला लावले की तिला धाप लागते. ग्राफिक्स कार्ड विकणारा काय सांगतो त्याला भुलू नये, आधी रॅम पुरते का ते बघावे. आणि फाईल फारच लवकर बाहेर आली, तर गिऱ्हाइकाला देण्याआधी शेवटपर्यंत बघावी. मी बघतो, आणि दर वेळी काहीतरी सापडते.

३. जुना कॉम्प्युटर, टेपचा कॅमेरा व त्या दोघांना जोडणारी केबल दुकानातच राहावी. भंगारवाल्याला देऊ नये. नव्या मशीनला ही केबल लावायला भोकच नाही. टेप कॅमेऱ्यात चालवायची आणि ती चालेल तशी कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, दुसरा मार्ग नाही. तासाच्या टेपेला तासच लागतो, मग मशीन कितीही भारी घ्या.

४. आता खरी भानगड. गेल्या दिवाळीत विश्वजीत म्हणाला की कपाटातल्या सगळ्या टेपा उतरवून झाल्या, आता टाकून देऊ. कपाट शिगोशीग भरलेले आणि याचे काम आठवड्यात संपले. मला तिथेच शंका आली. उतरवलेली टेप शेवटाला जाऊन थांबते. मी कपाट उघडून बघितले, तर एकूण एक टेप सुरुवातीला. विचारले तर म्हणतो, "रिवाइंड केल्या की." जेवलेले ताट कधी न उचलणारा माणूस टेपा रिवाइंड करील, हे मी मानत नाही. शेवटी कबूल झाला. गिऱ्हाइकांना पूर्वी दिलेल्या सीड्या आमच्याकडे होत्या, त्याच त्याने कॉपी केल्या होत्या.

"चित्र तेच हाय की, काका."

चित्र तेच आहे. आवाज नाही. आपल्याकडे लग्नाच्या सीडीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी घालायची रीत. गिऱ्हाईक तसेच मागते. माणसे बोलताना दिसतात आणि वर सनई नाहीतर गाणे वाजते. त्यांचे बोलणे फक्त टेपेवर राहते. म्हणून सर्व टेपा नीट उतरवल्याशिवाय गाळा विश्वजीतच्या नावे करू नये. उतरवताना चंद्राबाईने शेजारी बसावे.

५. शंभूराज जगदाळे यांच्या लग्नाची टेप त्यांची मुलगी अंकिता हिला. शंभूराज फौजेत होते. सुट्टी संपवून गेले ते परत आले नाहीत, आणि अंकिता त्यानंतर जन्मली. विश्वजीतने दिलेला पेनड्राइव्ह घेऊन ती परवा माझ्याकडे आली. "आजोबा, ह्यात पप्पांचं त्वांड हलतंय, पर गाण्यापुढं त्यांचं बोलणं कायच ऐकू येत न्हाई," म्हणाली. मला फार वाईट वाटले.

कलम ५ रद्द. वरचे पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले, की टेप अंकिताला दिली तरी कॅमेरा विश्वजीतच्या ताब्यात. म्हणजे ती उतरवणार तोच, आणि तोवर मी नसणार. दुसऱ्या कोणावर सोपवावी म्हटले तर एक माणूस डोळ्यांसमोर येईना. म्हणून आज सकाळी अंकिताला दुकानात बोलावले, दार आतून लावले आणि टेप माझ्या हाताने चढवली.

मांडवात शंभूराज कॅमेऱ्याजवळ येतात. "आवं नानासो, आवाज बी घेताय का नुसतंच त्वांड?"

कॅमेऱ्यामागून मी म्हणतो, "दोनी घेतोय. बोल."

"मग घ्या. क्रांतीनं सकाळपासनं कायच खाल्लं न्हाई. तिला कुणीतरी पाणी तरी द्या."

क्रांती म्हणजे अंकिताची आई. टेप संपेपर्यंत पोरगी जागची हलली नाही. मी फाईल तपासायला घेतली तेव्हा हळूच म्हणाली, "आजोबा, ह्यात गाणं घालू नका."

नाही घातले. फाईल आणि टेप तिच्या हातात दिली. आता या मृत्युपत्रात तिला काही मिळायचे राहिलेले नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून तिची सही घेण्यास हरकत नसावी. तिच्याबरोबर सही शेजारच्या टायरवाल्या भाऊसोंची. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण : कोरेगाव
दिनांक : १२ मार्च २०२५

सही : नानासो केरबा फडतरे

साक्षीदार :
१. भाऊसो अर्जुना माने
२. अंकिता शंभूराज जगदाळे