पायरीवरचं प्रभुभोजन

राजूर (ता. वणी)
८ एप्रिल २०२४

ती. शीलाताईस,
उज्ज्वलाचा ख्रिस्तात सलाम, वि. वि.

काल फोन मीच कापला. रेंज गेली नव्हती. तू तिकडून शांत राहा, शांत राहा म्हणत होतीस आणि माझं डोकं आणखीच तापत होतं. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून आता सगळं लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग रागाव.

आमच्या घरांच्या ओळीतल्या नंदाबाई तुला आठवतील. ब्लाउज शिवतात त्या. मी लग्न होऊन इथे आले, कोळशाची धूळ बघून रडत बसले, तेव्हा दारावर ओला पडदा लावायचा त्यांनीच मला शिकवलं. नवरा कोळशाच्या खदानीत दगावल्यावर त्यांनी एकटीनं दिपालीला वाढवलं. त्या दिपालीनं फेब्रुवारीत वणीच्या भीमराजशी कोर्टात लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, मोटारी दुरुस्त करतो, सासूला आई म्हणतो. नंदाबाईंनी दोघांना घरी जेवायला बोलावलं, स्वतः वाढलं. त्यांचा गुन्हा एवढाच.

आमच्या चर्चचे मुख्य पंच धरमसिंगभाऊ यांनी ठरवलं की पोरगी परक्यात दिली, म्हणून नंदाबाईंना प्रभुभोजनाची भाकर बंद. आम्हाला कुणाला सांगितलंही नाही. काल महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. बाहेरून आलेले पाळक म्हातारे, त्यांचे पाय दुखतात, म्हणून भाकरीचं ताट धरमसिंगभाऊंनी ओळींतून फिरवलं. माझ्या शेजारी नंदाबाई. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ताट त्यांच्या हातावरून सरळ माझ्यापुढे आलं. ताई, ते हात तसेच राहिले गं. त्यांना वाटलं, चुकून राहिलं असेल.

मी माझा तुकडा मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. विचार करून नाही, हात आपोआप गेला. धरमसिंगभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं की हे ताट तुह्या घरचं हाय का? मी म्हटलं, तुमच्याही घरचं नाही. नंदाबाई उठल्या, तो तुकडा पदरात धरून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. इकडे सगळे आमेन म्हणून चपला शोधायला लागले.

आमचे हे, बादल, म्हणतात, तू बरोबर केलंस पण आवाज मोठा होता. त्यांचा स्वतःचा आवाज ढोलकीशिवाय कधी निघत नाही, त्यांना काय कळणार! भाऊजींना सलाम सांग. रागावलीस तरी माया आटू देऊ नको.

तुझी,
उज्ज्वला


फुलसावंगी
१५ एप्रिल २०२४

चि. उज्ज्वलास,
प्रभूच्या नावानं आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली रोज मागते.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. आता तूही माझं वाच.

नंदाबाईंवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण तू देवाच्या मेजापाशी उभ्या माणसाशी भांडलीस. आपल्या आईला आठव. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असायचे. आपण विचारलं की म्हणायची, मन एकदा घसरलं की दिवसभर हाती लागत नाही, म्हणून सकाळीच धरून ठेवते. बाबांनाही पंचांनी काय कमी छळलं? आईनं कधी तोंड उघडलं नाही. तू धरमसिंगभाऊंकडे बघू नकोस, त्यांच्यावरच्याकडे बघ. चूल, धुणं, पोरांचे डबे, जे करशील त्यात त्याचं नाव घे. राग आपोआप उतरेल.

आणखी एक. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे प्रभुभोजन द्यायची पाळी ह्यांची आहे. तुझ्या भाऊजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे. कुणी पायावर पाय दिला तर हेच माफी मागतात. ह्यांना पाळक म्हणून मिळालेल्या मंडळीच्या घरात आम्ही राहतो, उजे. ह्यांना तुमच्या भांडणात ओढू नकोस, हात जोडून सांगते. मीही सोबत येणार आहे. नंदाबाईंशी मी बोलेन, त्यांना धीर देईन.

इकडे हळद शिजवण्याचं काम आटोपत आलं. अंगणात वाळत घातली आहे, सगळ्या घराला वास लागला आहे. तुझ्यासाठी डबा भरून आणते. बादलरावांना म्हणावं, ढोलकी तयार ठेवा.

लहान आहेस म्हणून बोलले. मनात धरू नकोस.

तुझी ताई,
शीला


राजूर
२२ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

मनात धरलं आहे. खोटं कशाला लिहू?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी धरमसिंगभाऊंनी निरोप पाठवला की रविवारचा मुलांचा वर्ग उज्ज्वलानं घेऊ नये, पोरांना वाईट वळण लागते. ताई, सहा वर्षं मी ती पोरं सांभाळली. वाटेत पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायची आणि समोरच्या बाईचे हात रिकामे राहू द्यायचे, हे कोणतं वळण?

आणि ऐक, हा सगळा धर्माचा राग नाही. नंदाबाईंनी मला परवा सांगितलं. मागच्या वर्षी धरमसिंगभाऊंनी दिपालीला आपल्या मुलासाठी मागितलं होतं. दिपालीनं तोंडावर नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांनी नंदाबाईंचा सलाम घेतला नाही. त्यांच्या बायकोला, चंदाबाईंना, सगळं माहीत आहे. विहिरीपाशी भेटल्या तर डोळ्याला पदर लावतात, पण बोलत नाहीत. मला त्यांचाही राग येतो.

आता धरमसिंगभाऊंनी अट घातली आहे. नंदाबाईंनी उपासनेत उभं राहून सांगायचं की दिपाली माझ्या घरी येणार नाही, मग भाकर मिळेल. त्यावर नंदाबाई काय म्हणाल्या, सांगू? म्हणाल्या की पोरगी माह्या पोटची हाय, भाकर काही धरमसिंगच्या पोटची नाही. तेव्हापासून त्या दर रविवारी येतात, पांढरं लुगडं नेसून, आणि दाराबाहेर पायरीवर बसतात. आत बसायची मनाई नाही, पण त्या म्हणतात, अर्ध्या घरात मी बसत नाही. समोरून कोळशाचे ट्रक जातात. उपासना संपेपर्यंत लुगडं राखेसारखं होतं.

तू म्हणतेस, सकाळी मन धरून ठेव. धरते गं. पहाटे उठून बायबल उघडते, डोळे मिटते, आणि दोन वाक्यांत धरमसिंगभाऊ समोर येऊन उभे राहतात. मग प्रार्थना कुठली, त्यांच्याशी माझं भांडणच सुरू होतं, आणि भांडणात मी दर वेळी जिंकते! पोळी करपते. मला याची लाज वाटते. हा माणूस देवाच्या जागी येऊन बसला आहे, हे मला कळतं. पण मन देवावर ठेवायचं म्हणजे डोळे नंदाबाईंवरून काढायचे का? आई तोंड उघडत नव्हती, खरं. पण आई झोपेत दात खायची, तेही तू माझ्याइतकंच ऐकलं आहेस.

भाऊजींना मी काही सांगणार नाही. तुझा शब्द मोडणार नाही. पण त्यांनी त्या पायरीवरून आत कसं जायचं, ते तूच त्यांना सांग.

हळद आण. पोरं मावशीची वाट बघत आहेत. मी भांडखोर असले तरी तुझीच,
उज्ज्वला


फुलसावंगी
१२ मे २०२४

चि. उज्ज्वलास,
आशीर्वाद.

मागच्या रविवारी तुमच्याकडे गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू मागच्या बाकावर होतीस, तुला अर्धंच दिसलं. बाकीचं आज लिहिते.

सकाळी आम्ही धरमसिंगभाऊंकडे चहाला गेलो होतो. चंदाबाईंनी पोहे दिले. धरमसिंगभाऊ ह्यांना म्हणाले की पाळकसाहेब, बाहेर पायरीवर एक बाई बसून राह्यते, तिच्याकडे बघायचं नाही. ह्यांनी मान हलवली. मीही हलवली, उजे. मला वाटलं, आजचा दिवस निभावून जाऊ दे, नंतर समजावू.

चर्चला आलो तर नंदाबाई बसलेल्या. मी त्यांना धीर द्यायला वाकले. काय बोलायचं ते येताना वाटेत जुळवलं होतं. त्यांनी वर बघून मला विचारलं की बाई, तुम्हाले आत जागा भेटते ना? त्यात टोमणा नव्हता. खरोखर माझ्या जागेची काळजी होती. मी तशीच आत जाऊन पुढच्या बाकावर बसले.

आत ह्यांनी आशीर्वाद मागून भाकर मोडली. धरमसिंगभाऊ ताट घ्यायला पुढे झाले. ह्यांनी ताट दिलं नाही. स्वतःच घेतलं आणि ओळींत न वळता मधल्या वाटेनं चालत राहिले. मला वाटलं, मागून सुरुवात करणार. ते दारातून बाहेर गेले. मी पुढच्या खिडकीतून पाहिलं. ह्यांनी चपलांच्या गर्दीत गुडघे टेकले आणि पहिला तुकडा नंदाबाईंना दिला. तेवढ्यात धरमसिंगभाऊंनी जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी घातली. देवाच्या घराला, प्रभूचं ताट बाहेर असताना!

तेव्हा बाजूच्या दारातून पहिली तू धावलीस, हे सगळ्यांनी पाहिलं. दुसरी मी होते. मी कशी उठले ते मला कळलं नाही. पुढे सगळं तुझ्यासमोरच झालं. अर्धी मंडळी पायरीवर, उन्हात, ट्रकची धूळ भाकरीवर उडत होती. मी ती धूळ चावून खाल्ली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला प्रभुभोजन घेताना रडू आलं.

आता इकडची हकीकत. वरच्या कमिटीची माणसं काल घरी आली होती. ह्यांना सांगितलं की धरमसिंगभाऊंची सर्वांसमोर माफी मागा, नाहीतर महिनाअखेर घर खाली करा. हे म्हणाले, माफी मागायची मला सवय आहे, पण या वेळी कशाची ते सांगा. मग त्यातला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला की वहिनी, तुम्ही तरी साहेबांना समजवा, मन देवावर ठेवा, माणसांच्या भानगडीत पडू नका.

उजे, माझेच शब्द! माझ्याच तोंडचे, माझ्याच घरात, माझाच चहा पिता पिता! माझा असा संताप झाला की मी त्यांच्या पुढ्यातले कप उचलले. म्हटलं, माझं मन देवावरच आहे, आणि तो तुम्ही कडी घातलेल्या दाराच्या बाहेर बसला होता. पाळकाच्या बायकोनं असं बोलू नये, हे मला ठाऊक आहे. पुन्हा विचारतील तर पुन्हा बोलेन.

जवळच्या तांड्यावरचे धावजी आणि त्यांचे भाऊ सामान न्यायला बैलगाडी देतो म्हणाले आहेत. त्यांचीच एक खोली रिकामी आहे. हे रोज सकाळी तसेच उठतात, तसेच गुडघे टेकतात, मग मोटारसायकल पुसतात. मला वाटायचं, हा माणूस भित्रा आहे. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

माझी काळजी करू नकोस, चिडलेली बरी आहे. पोरांना पापे. तुझा लोभ मला आता फार लागणार आहे.

तुझीच ताई,
शीला


राजूर
३ जून २०२४

ती. ताईस आणि भाऊजींना,
सलाम, वि. वि.

तांड्यावरच्या खोलीचा पत्ता मिळाला. तुझ्या पत्राचा एक परिच्छेद मी नंदाबाईंना वाचून दाखवला, कपांचा. त्या मशीन थांबवून हसल्या. दिपाली आणि भीमराज दोघंही होते. भीमराज म्हणाला, ताईंच्या खोलीला पंखा नसेल तर मी येऊन लावून देतो. तो येईल बघ, बोलला म्हणजे येतो.

इकडे अजून काही निवळलं नाही. दार रविवारी उघडतं, पण नंदाबाईंचा नकार आणि धरमसिंगभाऊंची अट, दोन्ही जिथल्या तिथे. मला वर्ग परत मिळालेला नाही. मुलं आपली आपणच माझ्या ओसरीवर येऊन बसतात. त्यांना मी हाकलत नाही.

काल पहिला रविवार. पाळक कुणीच आले नाहीत. भाऊजींच्या जागी यायला कुणी तयार नाही म्हणतात. आम्ही पायरीवर बसलो. ऊन असं की दगडाला हात लाववत नव्हता. आधीच्या रविवारपर्यंत चार घरं आत बसत होती. काल त्यातलं एकेक उठून बाहेर आलं. चपला बाजूला सारून जागा करून घेतली. सगळ्यांत शेवटी चंदाबाई आल्या. नवऱ्याला आत सोडून. त्या नंदाबाईंच्या शेजारी बसल्या आणि नंदाबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर त्यांच्याही डोक्यावर ओढला.

आत धरमसिंगभाऊ एकटे. मला खरं तर बरं वाटलं, ताई. म्हटलं, आता कळू दे.

थोड्या वेळानं आतून गाणं सुरू झालं. त्यांनी एकट्यानंच उपासना सुरू केली होती. त्यांचा आवाज तू ऐकला आहेस, एके काळी खदानीत हाक मारली तर वरपर्यंत जायची. काल तो पहिल्याच ओळीत फाटला. सूर एकीकडे, ताल एकीकडे. थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. आणि माझ्या शेजारी बादल पायरीवर बोटांनी ठेका धरू लागले! मी कोपर मारलं. ते म्हणाले की काय करू, माणूस बेताल गाऊन राह्यला, माह्यानं ऐकवत नाही.

आतला आवाज त्या ठेक्यावर आला. आमच्याकडे सगळे एकमेकांकडे बघत होते. नंदाबाईंनी डोळे मिटले होते. ज्यांच्या हातावरून ते ताट गेलं होतं, त्यांनी दुसरी ओळ उचलली. मग चंदाबाईंनी. मग पोरांनी.

माझा राग गेलेला नाही. त्यांनी चूक केली आहे, ती त्यांना कबूल करावीच लागेल, आणि भाऊजींचं घर मी विसरणार नाही. हे सगळं मनात असताना मी तोंड उघडलं आणि गायले. भिंतीच्या आत एक माणूस आणि बाहेर आम्ही सगळे, एकच गाणं, शेवटच्या कडव्यापर्यंत.

तुमची माया सोबत असू द्या.

तुमची,
उज्ज्वला