बिबवेवाडीचं काम हायफाँगला

हायफाँग, व्हिएतनाम
२४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप उल्काआत्यास,
आमोदचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तू नुसतं बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून आपला जुना रिवाज चालू ठेवतो. पोस्टाऐवजी ईमेलनं, एवढंच. आपल्या घरगुती चक्कीच्या दांड्याला लागणारे पितळी बुश करू शकतील असे तीन कारखाने इथे पाहिले. पहिल्याचा दर मोहात पाडणारा, पण नमुना हातात घेतला तर कडा बोचतात. दुसऱ्यानं जेवण उत्तम घातलं, मशिनं दाखवायची मात्र टाळली. तिसरा मनात भरला आहे. माल स्वच्छ, आणि आजवर आपले बुश करणाऱ्या रज्जाकचाचांपेक्षा इतका स्वस्त, की दुबईचं गिऱ्हाईक टिकवायचं तर मला दुसरा रस्ता दिसत नाही.

चाचांना मी परत आल्यावर समक्ष सांगेन. बाबा गेल्यापासून ते मला वडिलांच्या जागी आहेत, त्यांना असली गोष्ट फोनवर सांगणं बरं दिसत नाही. तोवर खंडेनवमीला तू नेहमीसारखी नारळ घेऊन बिबवेवाडीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये जा. आपल्याकडून कोणी गेलं नाही असं एकही वर्ष झालेलं नाही. नाही गेलो तर त्यांना उगाच शंका येईल.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
आमोद

वारजे, पुणे
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. आमोद यास,
अ. उ. आ.

आज सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणायचा दिवस. कोणत्या तोंडानं म्हणू?

तुझं पत्र वाचून आधी जायचंच नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, सगळं काम काही तू काढून घेणार नाहीस, निम्मं तरी ठेवशील. स्वतःची समजूत घालण्यात आपलं घराणं तरबेज आहे. गेले.

रज्जाकभाईंनी लेथला झेंडूचा हार घातला होता, कामगारांनी हळदकुंकू वाहिलं होतं. खंडेनवमीला आपला नारळ गेला की पुढच्या वर्षभराचं काम पक्कं, हे तुझ्या बाबांनी घालून दिलेलं. त्यावर कधी कागद झाला नाही, म्हणून तू ते विसरलास की काय? रज्जाकभाईंनी तुझी चौकशी केली. मी म्हटलं, कामासाठी परदेशी गेलाय. ते म्हणाले, नारळ आला ना, मग झालं. आणि लगेच मुलाला, राहिलला सांगितलं, की चाकणच्या कंपनीला नाही म्हणून कळव. त्यांच्याशी मोठ्या कामाची बोलणी चालली होती. एवढ्या मशिनांवर दोघांचं काम मावणार नाही आणि पहिला शब्द आपला, असं त्यांचं म्हणणं. पोरानं जरा तोंड वाकडं केलं, पण बापाच्या शब्दाखातर तिथेच उभ्या उभ्या फोन केला.

माझ्या तोंडात त्यांच्या अख्तरबानूनं दिलेला पेढा होता. तो गिळेपर्यंत फोन झालासुद्धा. निमित्त आहे हे, मला कळतं. बोलायचं असतं तर पेढ्यासकट बोलले असते.

आमोद, आजच फोन कर. चाकणवाल्यांना अजून परत गाठता येईल. समक्ष-बिमक्ष राहू दे.

आशीर्वाद भरपूर आहेत, ते पुरतील असं वाग.

उल्काआत्या

हायफाँग
७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी तिसऱ्या कारखान्याशी करार करून बसलो होतो. सगळ्या बुशचा. निम्म्या मालाला ते लोक तो दर देत नव्हते.

चाचांना फोन लावला होता. अख्तरचाचींनी उचलला. मी काय जेवतो, तिकडचा भात चिकट असतो का, पोट बिघडलं तर सुंठ घे, असं त्या सांगत राहिल्या. चाचांना द्या म्हणायचं धाडसच झालं नाही. दुसऱ्यांदा लावला तो वाजायच्या आत मीच तोडला. आत्या, असल्या गोष्टी समोर बसून, मान खाली घालूनच सांगायच्या असतात. बाबांनी हेच शिकवलं. दिवाळीच्या आत पोचतो आणि पहिला तिथे जातो. तोवर तू काही बोलू नकोस, तुला वाईटपणा नको.

मला झोप लागत नाही, हे तरी खरं मान. रागव, पण दूर करू नकोस.

तुझा,
आमोद

वारजे
१६ ऑक्टोबर २०२५

चि. आमोद यास,
आशीर्वाद.

तुझं ऐकून मी इतके दिवस गप्प बसले याची मला लाज वाटते. काल रिक्षा करून बिबवेवाडीला गेले आणि सांगून टाकलं.

रज्जाकभाई रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आधी माझ्यासाठी पंखा लावायला सांगितला. मग राहिलकडून चाकणला फोन करवला. तिकडून कळलं, की ते काम याच आठवड्यात दुसऱ्याला दिलं. खंडेनवमीला मी तोंड उघडलं असतं तर ते हातचं गेलं नसतं. दसऱ्याला तू फोन केला असतास तरी गेलं नसतं. राहिल बाहेर गेला तो मी निघेपर्यंत आत आला नाही.

तुला न विचारता मी म्हटलं, तुझा करार गेला खड्ड्यात, निम्मं काम मी परत आणते. त्यांनी नको म्हटलं. आता ते काम केलं तरी ते कधी काढून घेता म्हणून रोज दाराकडे लक्ष लागेल, म्हणाले.

मग त्यांनी तिकडचा दर विचारला. मी सांगितला. टेबलावर बोटानं हिशेब केला आणि म्हणाले, एवढ्या दरात आपल्याला जमलं नसतं. आमोदनं तीन परक्या कारखान्यांना दर विचारला तसा एकदा मला विचारला असता, तर मीच म्हटलं असतं, की बेटा, तिकडूनच घे. आणि आम्ही चाकणचं काम धरलं असतं.

मी रिक्षा करून घरी आले. यावर तुला काही सुचलं तर विमानतळावरून आधी तिकडेच जा. मी बरोबर येणार नाही.

माया आटलेली नाही, पण सध्या मागू नकोस.

उल्काआत्या