मी बदललेलं वाक्य

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी परक्या देशाची भाषा शिकत होते. ती पुढे सरकारी बैठकांत कामी आली. दोन देशांचे अधिकारी समोरासमोर बसतात आणि मी मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगते. यंदा बोलणी रेशमाच्या धाग्याची होती. आपल्या भंडाऱ्याचे कितीतरी माग आता त्या देशाच्या धाग्यावर चालतात. तिथल्या गिरण्यांत बायकांना डांबून राबवतात अशी ओरड झाली, आपण धागा घेणं थांबवलं, आणि इकडचे माग बसले. म्हणून आधी गिरणी बघायची, मग सह्या, असं ठरलं.

गिरणी धुऊनपुसून ठेवलेली. बायका रांगेत बसून गरम पाण्यातल्या कोशांचा धागा ओढत होत्या, दोन पावलांवर पहारेकरी. एकीनं मान वर न करता, मलाच ऐकू येईल इतक्या हळू, तिच्या भाषेत म्हटलं, "आम्हाला घरी जाऊ देत नाहीत. सांगा त्यांना." आपल्या बाजूच्या साहेबांनी विचारलं, "क्या कह रही है?" मी म्हटलं, "कह रही है, आप आए, अच्छा लगा." साहेबांनी हसून तिला हात जोडले. तिनं त्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारी सह्या झाल्या.

तेव्हापासून एक सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. मी दहा वर्षांची आहे. कोशाचा धागा काढणारी एक बाई आपल्या दारात रडते आहे. धागा बिघडला म्हणून शेठनं तिला दिवसभर गोदामात कोंडलं होतं. त्याच शेठची साडी तुमच्या मागावर आहे. तुम्ही ती अर्धी सोडून उठता, ते कायमचेच. पुढे आई कारध्याला धानाच्या रोवणीला जाऊ लागली. मी चिडून विचारलं, "काहून सोडलं जी काम?" तुम्ही म्हणालात, "तिनं सांगतलं, मी आयकलो. आता आयकलोच नाही असा कसा वागू, बाई?"

परवा गावी गेले तर चुलतभावाचा माग सुरू होता. "तुह्याच लोकायनं धागा आणला," म्हणाला, आणि वहिनीनं मला ओवाळलं. मी ओवाळून घेतलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून खरं लिहिते. इतके दिवस मी स्वतःला समजावते की पहारेकरी जवळ होता, बोलले असते तर तिचंच वाईट झालं असतं. पण बाबा, मी हिंदीत बोलत होते. त्यांच्यातल्या कुणालाच हिंदी येत नव्हती.