गावरीलचा कोट

२ डिसेंबर
आलो एकदाचा! उणे बावन्न, आभाळ लख्ख, घरमालकीण ओक्सिन्याबाईंच्या चुलीवर रेनडिअरच्या मटणाचा रस्सा रटरटतोय. जीव खूश आहे. आता तीन आठवडे डोंगरी मेंढ्यांची शिकार.
जोडीदार मिळालाय प्रोकोपी. ध्यान आहे! अंगात लालभडक, फुगलेला नायलॉनचा कोट. म्हटलं, बाबा रे, या थंडीत हे कापड पापडासारखं वाजतं, मेंढे पलीकडच्या डोंगरावर ऐकतील. तर म्हणे, हलका आहे. डोकंही हलकंच आहे त्याचं. अंगाला लोकर, वर कातडं, बुटांत सुकं गवत आणि घाम येईल इतकं चालायचं नाही. एवढी साधी गोष्ट, पण कपडे निवडायची अक्कल दुकानात मिळत नाही.

३ डिसेंबर
माझा कोट खांद्यात उसवलाय. अंगणात गेलो तर ओक्सिन्याबाई सुरी घेऊन एका कोटासमोर उभ्या. काय कोट! दाट केस, टाका दिसेल तर शपथ. त्यांचा नवरा गावरील गेल्या हिवाळ्यात शिकारीत गोठून मेला, त्याचा. इथल्या रेनडिअर पाळणाऱ्या एवेन लोकांत मेलेल्याचा कोट फाडून थडग्यापाशी टांगतात, म्हणजे म्हणे तो त्याला पोचतो. वर्षभर बाईंचा हात धजत नव्हता.
मी म्हटलं, असला कोट फाडणं शुद्ध गाढवपणा, मला द्या. बाई म्हणाल्या, लेकरा, तो उघडा सापडला, कपडे चार पावलांवर. थंडीत उकडायला लागलं तर समज, तो मागतोय. मला हसू आलं. गोठणाऱ्याला शेवटी उकडतंच, त्यात भूत कसलं? बाईंनी काही कोट हातात दिला नाही. मीच खुंटीवरून काढला.

६ डिसेंबर
डोंगरातल्या झोपडीत आलो. कोट म्हणजे चूल पांघरल्यासारखी. फक्त नाड्या सुटतात. दुहेरी गाठ मारतो, तरी सुटतात. प्रोकोपीचे चाळे, दुसरं काय!

८ डिसेंबर
बाहीला बांधलेला डावा हातमोजा गायब. पुढे वाटेत झाडाला टांगलेला सापडला, जिथे मी अजून पोचलोच नव्हतो. प्रोकोपीवर खेकसलो. तो म्हणे, मी दिवसभर लाकडं फोडतोय. थापाड्या!
झाडाखाली पावलं होती. अनवाणी.

९ डिसेंबर
उणे सत्तावन्न. प्रोकोपी पळाला, शेपूट घालून. स्लेजवर कातडी पांघरून गेला आणि आपला लाल कोट मला ठेवला. म्हणे, हा घाल, तो फाड, जीव वाचव. मेलो तरी बेहत्तर, तो फुगा अंगाला लावणार नाही.

१० डिसेंबर, दुपार
चाललोही नाही. उभा होतो, तरी पाठीला ऊब— कुणी आत हात घातल्यासारखी. मेंढे समोर होते. गोळी झाडली नाही. भीती वाटतेय, लिहून टाकतो. झोपडीत लाल कोट आहे. पण प्रोकोपी गावभर सांगेल, हसतील सगळे—

नंतर
बसलोय. झोपडी दिसतेय इथून. हातमोजे नाहीत. घाम नाही, नुसतं उकडतंय. हे काय असतं मला माहीत आहे, मला नीट माहीत—
नाड्या सुटल्या. मी हात लावला नाही—

चार पावलांवर बसलाय. उघडा. हात पुढे, भिकाऱ्यासारखा. घे मेल्या, घे तुझा कोट—

घातला त्याने. अरे, उघड्या अंगावर? कुणी शिकवलं तुला, गाढवा? आधी आतून लोकर लागते. थांब, माझी काढून देतो, ही—