आईने पाठ केलेला तक्ता

प्रिय राजूदादा,

जय भीम. हे पत्र दीपेशच्या हातून आलं म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. तो उद्या वीर स्टेशनवरून गाडी पकडून वापीला परत येतोय आणि तुझी खोली त्याला माहीत आहे, एवढं मीच त्याच्याकडून काढून घेतलं. तू फोन उचलत नाहीस आणि माझ्या मेसेजवरच्या खुणा काही निळ्या होत नाहीत. सकाळपासून विहारात लिहायला बसलेय आणि सारखी उठतेय. मध्येच सतरंज्या झटकल्या, रचलेल्या खुर्च्या पुन्हा रचल्या. हातांना काहीतरी काम हवंय. लिहायचं ते एकच आहे, पण पेन त्याच्या आजूबाजूलाच फिरतंय.

आमच्या समाजसेवेच्या क्लबचं ऐकायला तुला आवडत नसे. ‘झाडापेक्षा बॅनर मोठा असतो तुमचा,’ म्हणायचास. तसं होतंही कधी कधी. पण कंपनीतून सुटले की माझे पाय अजूनही महाडला क्लबच्या खोलीकडेच वळतात. मध्यंतरी रायगडाखाली हिरकणीवाडीला रोपवेजवळ बाटल्या गोळा करत होतो, तर एका पाहुण्याने आपली रिकामी बाटली लांबूनच माझ्या पोत्यात फेकली आणि म्हणाला, ‘ताई, ही पण घ्या.’ आमच्या क्लबच्या सरोजमॅडमनी ती बाटली काढून परत त्याच्या हातात दिली. ‘अहो, पोतं जवळ आहे, दोन पावलं या की. गडावर कसे चढलात?’ तो बिचारा आला आणि मग तासभर आमच्यासोबत वाकून बाटल्या उचलत राहिला. असं काही घडलं की मला वाटतं, एवढंसं का होईना, जग हलतं. तू हसशील. हस.

तर यंदा क्लबचं नेत्रशिबिर आपल्या वाडीत घ्यायचं, असा हट्ट मी धरला. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतली म्हातारी माणसं महाडपर्यंत जात नाहीत, म्हणून शिबिरानेच वर चढावं, असं मी भर बैठकीत बोलले. अध्यक्ष शरच्चंद्रसर म्हणाले, ‘मग जबाबदारी तुझी.’ तपासणीसाठी एक तक्ता असतो. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर अक्षरं नसतात, नुसता तीन दात्यांचा कंगवा असतो, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे उजवीकडे. माणसाने हाताने दाखवायचं किंवा तोंडाने सांगायचं. ज्याला नीट दिसतं तो घरी, ज्याला दिसत नाही तो आत डॉक्टरांकडे. मी तो तक्ता आधीच घरी आणला, ओटीवर टांगला आणि क्लबच्या पोरांकडून रोज सराव करून घेतला. आई बाजूला तांदूळ निवडत बसलेली असायची. ‘उजवीकडे, वर, खाली, खाली, डावीकडे…’ आम्ही मोठ्याने म्हणायचो. आईच्या डोळ्यांत गेलं वर्षभर साय धरलीय, हे मला माहीत होतं. तिला कितीदा तरी महाडला चल म्हटलं होतं. मनात म्हटलं, आता दवाखानाच दारात येतोय, कशी नाही म्हणेल?

शिबिराच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी नोंदणीच्या टेबलावर अडकले होते. आईची तपासणी ऋत्विक नावाच्या नव्या मुलाने केली. तो पळत येऊन सांगतो, ‘ताई, तुमची आई एक नंबर! शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर.’ आणि आई पदर सावरत माझ्यासमोरून घरी गेली. डॉक्टरांकडे पाठवलंच नाही तिला. तेवढ्या धावपळीत मीही म्हटलं, चला, माझाच अंदाज चुकला.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचा धोंडूकाका चढण चढून वर येत होता. आई ओटीवरून उठली, आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि दारातून म्हणाली, ‘आलास रं राजू?’ धोंडूकाका जागीच थांबला. मग म्हणाला, ‘वैनी, मी हाय गो, धोंडू.’ आई म्हणाली, ‘ठावं हाय मला, मस्करी केली.’ धोंडूकाका चहा पिऊन गेल्यावर मी तक्ता पुन्हा भिंतीवर लावला. उलटा लावला. आईला समोर बसवलं. ती गाणं म्हटल्यासारखं म्हणाली, ‘उजवीकडे, वर, खाली, खाली, डावीकडे.’ एकही बरोबर नव्हतं, दादा. आमच्या सरावात तिने अख्खा तक्ता पाठ केला होता. मला हसू फुटलं. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू गेलं.

मी भांडले. क्लबात ऐकलेली सगळी भाषणं तिच्यावर ओतली. गावोगाव मी लोकांना डोळ्यांचं महत्त्व सांगत फिरते आणि माझीच आई मला फसवते, असंही बोलले. ती तांदूळ निवडत राहिली, नुसत्या बोटांनी. मग म्हणाली, ‘आता कोनपन चढणीवर दिसला का मला राजूच वाटतो. जवळ येईस्तवर तरी राजूच असतो गो. डोळं साफ झालं का लांबूनच कळंल, ह्यो नाय.’ मी तक्ता उतरवून गुंडाळून ठेवला.

तो सत्कार मी रोज आठवते. महाडचा हॉल, क्लबचा गुणगौरव, घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्या अंगावर शाल. बाबांना मंचावर बोलावून हातात माइक दिला. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर. ‘पोरीनं नाव काढलं,’ म्हणाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, ‘पोरग्याला काय येत नाय, नुसता रिक्षा फिरवतो.’ लोक हसले. लोक हसले म्हणून बाबाही हसले. तू दारात उभा होतास, माझी पिशवी धरून. ज्या रिक्षाने मला कॉलेजात नेलं-आणलं, तिच्यातूनच आम्हाला घरी आणलंस. आणि सकाळी नव्हतास. रिक्षा अजून विहारामागे ताडपत्रीखाली आहे. बाबा तिला कुणाला हात लावू देत नाहीत.

शरच्चंद्रसरांना मी तक्त्याचं सांगितलं. ते आधी खूप हसले, मग दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना घेऊन घरी आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. रविवारी सगळ्या रुग्णांना ऑपरेशनसाठी घेऊन इथूनच बस निघणार आहे. आई डॉक्टरांसमोर हो म्हणाली आणि ते उतरणीला लागताच नाही म्हणाली. मी रडले, रागावले, शेजारच्या शुभदाकाकूंना समजवायला आणलं. काही नाही. काल बाबा भाकरी खाता खाता आईला एकदम म्हणाले, ‘जा तू, चंपे. तवर वाटंकडं मी बघतो.’ एवढंच. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, तिला जेवढं दिसतं तेवढं. मग उठली आणि पिशवी भरायला लागली.

मी मात्र तेव्हापासून एका जागी बसू शकत नाहीये. वर्षभर मी आईच्या डोळ्यांची चिंता करत राहिले. त्याच ओटीवर दुसऱ्या टोकाला बाबा बसतात, त्याच चढणीकडे तोंड करून, हे मला काल दिसलं. बाबा तुझी माफी मागतील, असं मी तुला सांगणार नाही. त्यांना ते जमेल असं वाटत नाही. तू परत येऊन इथे राहा, असंही म्हणत नाही. सोमवारी आईची पट्टी सुटेल आणि दुपारपर्यंत आम्ही तिला घरी आणू. तेव्हा त्या चढणीवर तू असावास. पण जमलं तर रविवारीच ये. ओटीवर बाबा एकटेच असतील. चढणीवरचा माणूस जवळ येईस्तवर तरी आईचं भागतं, दादा. बाबांचे डोळे चांगले आहेत. त्यांना रोज लांबूनच कळतं, तू नाहीस ते.

चढणीकडे पाहत,
तुझीच,
दीक्षा