तेजी एप्रिलमध्ये नक्की

९ जानेवारी
मोबाइलच्या चिप्सचा धंदा म्हणजे झोपाळा. मागे गेला की पुढे येणारच. कँटीनमध्ये सगळ्यांना हेच समजावलं. मोबाइल खपत नाहीत, आमच्या चिप्सचे खोके गोदामात पडून आहेत, कबूल. पण मोबाइल जुने होतातच की! एप्रिलमध्ये तेजी नक्की. कुणी वाद घातला नाही. पटलं असावं.
संकल्प: रोज बाजाराचे आकडे वाचणे.

१४ जानेवारी
वाचले नाहीत. आकड्यांनी माणूस उगाच खचतो.
कामावरच्या जोडीदाराला शीतगृहात नोकरी मिळतेय. अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच भट्टीवर. काय करू, म्हणाला. मी म्हटलं, भट्टीवरचा माणूस बर्फात जाऊन काय करणार? त्याची बायको म्हणते जा, मी म्हणतो थांब. त्याने माझं ऐकलं. माणसांची पारख आहे त्याला.

२ फेब्रुवारी
रात्रपाळी बंद. तब्येतीला बरंच.
आमची ही म्हणते, कुठेतरी अर्ज टाकून ठेवा. बायकांना धीर कमी.

१७ फेब्रुवारी
पाहुणे आले. भट्टी दाखवायला साहेबांनी मलाच बोलावलं! सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून पातळ थर कसा चढतो, भट्टी थंड का होऊ द्यायची नाही, थंड झाली तर आतली काचेची नळी कशी तडकते, सगळं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. एकाने दाराची रुंदी मोजली. म्हणजे नवीन मशीन येणार!
जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, दार मशीन आत आणायला मोजलं की बाहेर न्यायला? मला हसू आलं. त्याचा स्वभावच रडका.

६ मार्च, सकाळ
गेटवर जोडीदाराचं कार्ड लागेना. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी माझ्या कार्डावर त्याला आत घेत होतो. रखवालदार खाली बघून म्हणाला, साहेब, ह्यांचं नाव कपातीच्या यादीत आहे.
डबा हातात घेऊन तो तसाच वळला.

६ मार्च, दुपार
शीतगृहाला मी स्वतः फोन केला. जागा भरली म्हणाले.
तात्पुरतं आहे हे. एप्रिलमध्ये पहिलं बोलावणं त्यालाच.

२४ मार्च
मला ठेवलंय! भट्टी विकली आहे, ती खोलून, बांधून द्यायची. मग माझाही हिशोब.
पण कुणीतरी विकत घेतली, म्हणजे मागणी आहेच ना?

२ एप्रिल
भट्टी बंद केली. दुपारी आतून टक् आवाज आला. नळी गेली. साहेब म्हणाले, जाऊ दे, त्यांना नुसता सांगाडा हवाय.
मी उगाच भट्टीच्या दारावर हात ठेवून उभा राहिलो. कोमट होतं.

५ एप्रिल, रविवार
जोडीदाराकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं, या भाऊजी म्हणाल्या, चहा ठेवायला आत गेल्या. तो शेजाऱ्यांचा फ्रिज दुरुस्त करत जमिनीवर बसला होता. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने इतकंच विचारलं, तेजी कधी रे येईल? इथेच थांबू, की पोरांना घेऊन दुसऱ्या गावी जाऊ? तू सांगशील तसं करतो.
अजूनही मलाच विचारत होता.
मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, नेहमीचं. बाहेर पडलं ते वेगळंच. म्हणालो, मला माहीत नाही.
वहिनी आतून म्हणाल्या, एवढंच तेव्हा म्हणायचं होतंत, भाऊजी.